कुंभारकन्येची गोष्ट लिहिताना: नोंदी, चुका आणि हिशेब

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. वर्षभर रात्री नऊ ते अकरा बसून एक दीर्घकथा लिहिली. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतली कुंभारकन्या घेऊन केलेली फँटसी आहे ती. आपल्या गावची अशी एखादी दंतकथा बाईच्या बाजूनं लिहायला कुणी बसणार असेल, तर माझ्या चुका त्याच्या कामाला येतील म्हणून या नोंदी. पेशाच हिशेबाचा असल्यानं खर्चही दिलाय.

भोगी

सम्मती कट्ट्यावर अक्षता. सकाळपासून किल्ल्याच्या बाजूला उभी होते. सात नंदीध्वज (सिद्धरामांच्या योगदंडाची खूण म्हणून मिरवतात त्या उंच काठ्या) आले, कन्नडमधून सम्मती म्हटली गेली, 'दिड्डम्' कानावर आलं आणि अख्ख्या गर्दीनं अक्षता टाकल्या. माझ्या केसांतून रात्रीपर्यंत ज्वारी निघत होती.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. बाराव्या शतकात सिद्धरामांनी सोलापुरात तळं बांधलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. एका कुंभाराची मुलगी त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करायची. तिनं त्यांना लग्नाची मागणी घातली. आपण संसारी नव्हे, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. पुढं ती होमात गेली. दरवर्षी तेच लग्न पुन्हा लागतं.

कथेत सगळ्यांना नावं आहेत. तिला नाही.

संक्रांत

होम मैदान. बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या, तिला साडी, मणी, बांगड्या. मग अग्नी. रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू कशाला तोंड लावतं, मुततं की नाही, यावरून पाऊसपाणी सांगतात. घरी येऊन वहीत पहिली ओळ लिहिली: वासराला विचारतात, नवरीला कोण विचारतं?

ओळ झकास वाटली. तिनंच पुढं चार महिने चुकीच्या वाटेला नेलं.

२ फेब्रुवारी

पहिली ३० पानं झाली. नायिकेचं नाव मृण्मयी. तिच्या हातात तळ्याच्या तळाशी सापडलेली तलवार. ती घोड्यावर बसते. बाप जुलमी, गाव जुलमी, ती एकटी शहाणी.

भाचीला वाचायला दिली. ती इंग्रजी फँटसी खाते-पिते. म्हणाली, "मावशी, हिचं नाव काढलं तर ही कुठलीही होईल. आणि मृण्मयी कोथरूडची वाटते." लागलं, पण बरोबर होतं. बाराव्या शतकातल्या सोलापुरातली कुंभाराची पोर, घरात कन्नड. नाव बदलून मल्लव्वा केलं. तलवार गेली. घोडाही गेला, गाढव आलं.

३० पानांतली ४ राहिली. तीन आठवडे वाया.

१६ फेब्रुवारी

भाचीनं दोन पुस्तकं वाचायला लावली. मॅडलिन मिलर यांची ग्रीक पुराणातल्या जादूगारणीवरची २०१८ ची 'सर्सी' आणि वैष्णवी पटेल यांची २०२२ ची 'कैकेयी'. इंग्रजी सावकाश वाचते, महिना जाईल असं वाटलं होतं, पंधरा दिवसांत झाली.

माझ्या कामाचं एवढंच टिपून ठेवलं. सर्सीची जादू झाडपाल्याची आहे. ती पाला खुडते, वाटते, उकळते, फसते, पुन्हा करते. म्हणजे जादू हेच तिचं काम. कैकेयीला माणसामाणसांतले बंध धाग्यांसारखे दिसतात आणि ते तिला ओढता येतात. राजवाड्यातल्या बाईला नात्यांच्या बळावरच जगायचं असतं, तेच तिथं डोळ्यांना दिसतं. दोघींची शक्ती त्यांच्या रोजच्या जगण्यातून आलीय. मी मात्र तलवार तळ्यातून काढली होती.

माझी अडचण दुसरीही आहे. मी 'युगान्त' वाचून वाढले. इरावतीबाईंनी महाभारतातले चमत्कार बाजूला सारून माणसं दाखवली. आपल्याकडं जुन्या कथेकडं डोळस बघायचं म्हणजे चमत्कार खरवडून काढायचा, अशी सवयच लागली. इथं उलटं करायचंय: चमत्कार ठेवायचा, फक्त तो कुणाच्या हातात आहे ते बदलायचं. हात अडखळतो.

१ मार्च

कुंभाराचं काम बघितल्याशिवाय पुढं जाता येईना. कुंभार वेशीत आता दुकानंच दुकानं. ओळखीतून गावाबाहेर एका घरी गेले. काका मोटरच्या चाकावर कुंड्या काढत होते. काकूंनी विचारलं, "काय करलालीस गं? शाळेचा प्रोजेक्ट हाय का पोरीचा?" गोष्ट लिहितेय म्हटल्यावर हसल्या आणि कामाला लागल्या.

मातीचे ३०० रुपये दिले. चाकावर बसले. पहिली दोन मडकी उठलीच नाहीत. तिसरं उठलं आणि लुंगीसारखं गळून बसलं. काकांनी बोट धरून दाखवलं तेव्हा चौथं, वाटीएवढं, उभं राहिलं. "माती नीट मळली न्हाईस, आत हवा हाय. आव्यात फुटंल," असं काकूंनी तिथंच सांगून टाकलं. (आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी.)

मग त्या जे बोलल्या, त्यानं माझी उरलेली कथाही गेली.

"आमच्यात बाया चाकावर बसत नव्हत्या. माझी सासू तर चाकाला हात लावू द्यायची न्हाई. माती आणायची, चाळायची, मळायची, मडकं चोपायचं, रंगवायचं, डोक्यावर घेऊन इकायचं, हे सगळं बाईनं. चाक तेवढं बाप्याचं."

माझी मल्लव्वा पहिल्या पानापासून चाकावर बसलेली. जादू चाकातली. चाक फिरलं की काळ उलटा फिरतो वगैरे. सगळं रद्द.

२ मार्च

रविवार. पुन्हा गेले, या वेळी फक्त काकूंजवळ बसायला. चाकावरून उतरलेलं मडकं अर्धवट असतं, बूड जाड, अंग लहान. ते थोडं सुकलं की काकू डावा हात आत घालून गोल दगड धरतात आणि बाहेरून लाकडी थापीनं मारतात. थप थप थप. आतला दगड आणि बाहेरची थापी बरोबर समोरासमोर. मधे माती पातळ होत जाते, मडकं फुगत जातं. बघता बघता दीडपट झालं. आवाज बदलतो, जाड असताना बद्द, पातळ झालं की टणक. काकू मडक्याकडं बघतही नव्हत्या, माझ्याशी सुनेबद्दल बोलत होत्या. कानानं काम चाललं होतं.

मग आठवलं, शरणांमध्ये, म्हणजे कन्नड शिवभक्तांमध्ये, कुंभार गुंडय्याची कथा आहे. तो मडकं थापायचा आणि त्या तालावर शिव नाचायचा. म्हणजे थापीच्या आवाजात देवाला नाचवायची ताकद आहे, हे परंपरेनंच सांगून ठेवलंय. मला काही शोधून काढायचं नव्हतं.

परत येताना बसमध्येच तिकिटाच्या मागं नियम लिहिला: ओल्या मडक्यासमोर जे बोललं जातं, ते थापीनं मातीत शिरतं. मडकं भाजलं की पक्कं होतं. फुटलं की ऐकू येतं.

९ मार्च ते ३० एप्रिल

लिहीत गेले. मार्चअखेर कारखान्यात ताळेबंद, तिथं पंधरा दिवस गेले. एप्रिलच्या उन्हात रात्री अकरालाही खोली आव्यासारखी. तरी ४८ पानं झाली.

सिद्धरामांच्या ६८ लिंगांना अभिषेकाला पाणी नेणारी मडकी कुणी घडवली असतील? माझ्या कथेत तिनं. ६८ मडकी, प्रत्येकात त्या त्या वेशीवर कुणी काय बोललं ते साठलेलं. गावाची सगळी कुजबुज तिच्याकडं. जादूला किंमत हवी, फुकटच्या जादूनं कथा सैल पडते. म्हणून दर मडक्यामागं तिचा एक शब्द जातो. शेवटी तिचं नावच जातं. म्हणून दंतकथेत तिला नाव नाही! हे सुचलं तेव्हा रात्री उठून पाणी प्यायले. मल्लव्वा हे नाव शेवटच्या पानावरून खोडून टाकलं.

११ मे

पाच झेरॉक्स काढल्या (३६० रुपये). भाची, कारखान्यातली एक मैत्रीण, शेजारचे एक आजोबा, माझे मिस्टर आणि काकू. काकूंना वाचता येतं पण चष्मा फुटलेला, म्हणून मी वाचून दाखवली.

आजोबा दरवर्षी अनवाणी नंदीध्वजाबरोबर चालतात. त्यांची सगळ्यात भीती होती. दोन दिवसांनी झेरॉक्स परत दिली. "महाराजांना नावं ठेवली नाहीस, बरं केलंस. बाकी तुझं तू बघ." एवढंच. पण जाता जाता वळून म्हणाले, "ती मागणी घालायला आली तेव्हा तुझ्या गोष्टीत रडते का? आमच्या आईनं सांगितलेल्या गोष्टीत ती रडत नव्हती."

काकू तर त्याच ठिकाणी थांबवून म्हणाल्या, "मागणी तिनंच घातली न्हवं? आठशे-नऊशे वर्षांमागं? आजबी कुठली पोरगी असं तोंडावर इचारती? आन् तू तिला रडवलालीस?"

माझी संक्रांतीच्या रात्रीची ओळ इथं मेली. नवरीला कोण विचारतं, असं मी लिहिलं होतं. या कथेत नवरीनंच विचारलंय. सम्मती त्यांनी दिलीय, प्रश्न तिचा. मी तिला बळी करायच्या घाईत कथेतली सगळ्यात धीट गोष्ट झाकून टाकली होती. चार महिने.

भाचीची तक्रार वेगळी. "शब्द देऊन देऊन ती शेवटी मुकी होते. म्हणजे परत बाईच गप्प?" त्यावर दोन दिवस विचार केला आणि उपाय धंद्यातूनच निघाला. शब्द खर्च पडत नाहीत, ते ठेव म्हणून जमा होतात. मडकं तिच्या ताब्यात आहे तोवर शब्द तिचाच. खतावणीची बाजू बदलली आणि कथेचा सूर बदलला.

१ जून

शेवट. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून जरा सविस्तर.

पहिला शेवट: ती जळते, गाव रडतं. हे होतंच आधी, मग मी काय केलं?

दुसरा शेवट: ती रात्री पळून जाते. मैत्रीण म्हणाली, सिरियलसारखं झालं.

तिसऱ्यावर मी खूष होते. कुंभाराच्या पोरीला आगीचं काय भय? कच्चं आत जातं, पक्कं बाहेर येतं. ती आव्यात शिरल्यासारखी होमात शिरते आणि भाजलेल्या मातीच्या कातडीची, न फुटणारी होऊन बाहेर येते. दोन पानं अशी लिहिली की माझ्याच अंगावर काटा.

भाचीनं वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे जळणं चांगलंच की, मावशी."

राजस्थानातल्या देवराला गावात रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली ते १९८७ साल. मी शाळेत होते. बाबांनी पेपर लपवला होता. त्यानंतर सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवणारा कायदा आला. आणि मी जवळजवळ चाळीस वर्षांनी, बाईच्या बाजूची कथा म्हणून, सुंदर भाषेत नेमकं तेच करून बसले होते. पानं फाडली नाहीत, वहीत ठेवलीत. कधी आपल्याच वाक्यावर काटा आला की ती काढून बघते.

२९ जून

आठ-दहा रात्री नुसती बसून काढल्या. मग मैदानावर काय बघितलं होतं ते पुन्हा आठवलं. बाजरीची पेंढी. होमात मुलगी जात नाही, पेंढी जाते. परंपरेनंच तिच्या जागी पेंढी उभी केलीय. मग ती पहिली पेंढी कुणी बांधली?

तिनंच. कथेत ती स्वतःच्या मापाची पेंढी बांधते, स्वतःची साडी नेसवते आणि आत एक कच्चं मडकं ठेवते. त्यात तिचं नाव. होम पेटतो, पेंढी जळते, मडकं भाजून निघतं. सकाळी राखेत अख्खं मडकं सापडतं. गावाला ते देवाचं वाटतं, म्हणून कुणी फोडत नाही. म्हणून नाव कुणाला ऐकू आलेलं नाही.

आणि ती? इथं अक्का महादेवी मदतीला आली. तीही बाराव्या शतकातली कन्नड शिवभक्त, तिनंही देवालाच नवरा मानलं आणि राजाचा वाडा सोडून चालू लागली. चेन्नमल्लिकार्जुनाची ती कवयित्री झाली. आमची पोर होमापाशी थांबली. माझ्या कथेत कल्याणच्या (आताच्या बसवकल्याणच्या) वाटेवर दोघी एका पाणवठ्याला भेटतात. अर्धं पान फक्त. अक्का पाणी मागते, ही मडकं पुढं करते. अक्काच्या तोंडी मी एक शब्दही घातला नाही, तेवढी माझी ऐपत नाही.

६ जुलै

हा शेवट काकूंना वाचून दाखवला. "पण ही बी पळालीच की" अशी माझी शंका मीच बोलून दाखवली. काकू सुपलीतली राख मातीत कालवत होत्या. म्हणाल्या, "पळाली कशाला म्हणतीस? माल घेऊन बाजाराला गेली म्हण. आमी न्हाई का जात?"

शेवटचं वाक्य बदललं. आता ती गाढवावर मडकी लादते, वर पेंढा घालते आणि बाजाराच्या वाटेला लागते. दिवसाढवळ्या, गावासमोरून. कुणी अडवत नाही, कारण मडकी विकायला चाललेल्या बाईकडं कोण बघतं?

दुसऱ्या झेरॉक्सचे ३६०.

१० ऑगस्ट

टायपिंग. ६४ पानं, पानाला २५, एकूण १६००. मुखपृष्ठाचं चित्र २०००. चित्रकार मुलानं आधी कमरेवर घडा घेतलेली, ओलेती, कॅलेंडरमधली बाई काढून आणली. त्याला काकूंच्या हाताचा फोटो दाखवला. दुसऱ्या चित्रात फक्त थापी आणि डावं मनगट आहे.

२१ सप्टेंबर

छपाई, २०० प्रती, प्रतीला ५८ रुपये, ११,६००. गठ्ठा घरी आणून पहिली प्रत उघडली आणि खालीच बसले. शेवटच्या प्रूफनंतर प्रेसमध्ये कुणीतरी शुद्धलेखन 'सुधारलं' होतं. सगळीकडं 'सम्मती कट्टा'चं 'संमती कट्टा' झालेलं. सोलापूरचा माणूस पहिल्या पानावरच पुस्तक मिटेल. भांडले. त्यांचं म्हणणं, शब्दकोशात असंच आहे. प्रूफवर माझी सही होती पण ती सुधारणेआधीची. सही करताना फाइल बंद करून घ्यायला हवी होती, ते मला कळायला हवं होतं. दुसऱ्यांनी लक्षात ठेवा.

पुन्हा छापायला पैसे नव्हते. चिकट पट्ट्या छापून घेतल्या, ४५० रुपये. प्रतीला ११ ठिकाणी पट्टी. म्हणजे २,२०० पट्ट्या. नवरात्रात आमच्या घरी हेच काम चाललं होतं. मिस्टर, भाची, मैत्रीण, सगळे घटाशेजारी बसून 'सम्मती' चिकटवत होते. पान ३१ वर एक राहिलीच, ते डिसेंबरात कळलं.

४ जानेवारी

हिशेब. झेरॉक्स ७२०, माती ३००, टायपिंग १,६००, चित्र २,०००, छपाई ११,६००, पट्ट्या ४५०. एकूण १६,६७०. किंमत १०० रुपये ठेवली. १२३ विकल्या, १६ भेट दिल्या, ६१ दिवाणाखाली आहेत. तोटा ४,३७०. वेळ धरला तर विचारू नका.

आक्षेप दोन आले. एका गृहस्थांनी फोनवर सुनावलं की परंपरेत ढवळाढवळ केली. पेंढी परंपरेतलीच आहे म्हटल्यावर फोन ठेवला. दुसरा आक्षेप एका बाईंचा: सिद्धराम एवढे चांगले का दाखवले, त्यांना 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं, दंडाशी लग्न हा कुठला न्याय? याला माझ्याकडं उत्तर नाही. खरं तर कथेत हा प्रश्न तिनंच विचारायला हवा होता. पुढची आवृत्ती निघालीच तर पान २२ वर जागा आहे.

१० जानेवारी

काकूंना प्रत द्यायला गेले. सुगडांचा हंगाम, अंगणभर लाल-काळी सुगडं, पाय ठेवायला जागा नाही. यंदा अक्षतेला या म्हटलं. "भोगीला सुगडं कोण इकणार? माझ्या लग्नानंतर एकदाबी अक्षता बघितली न्हाई मी." पुस्तक पदराला हात पुसून घेतलं, मुखपृष्ठावरचं मनगट बघितलं, आपलं बघितलं.

"बांगडी चुकली," म्हणाल्या. "थापताना मी डाव्या हातात घालत न्हाई. आत अडकती."

पान ३१, पान २२ आणि मुखपृष्ठावरची बांगडी. तीन दुरुस्त्या.